गाठ खवट व्हायलाच हवी

आमच्या मावशीला कारखान्यात सगळे ‘खवट’ म्हणत आणि तिला ते माहीत होतं. माहीत काय, आवडत होतं. बिघडलेल्या तेलाला खवट म्हणतात आणि ज्याला गोड बोलता येत नाही त्या माणसालाही खवटच म्हणतात. तिचं म्हणणं असं, की पहिलं खवट पकडायचं तर माणसानं दुसरं खवट असावंच लागतं. गोड माणसं तेल पास करून मोकळी होतात.

ती खाद्यतेलाच्या कारखान्यात तेल हुंगायची. दारावरच्या पाटीवर ‘गुणवत्ता तपासणी’ असं भारदस्त काहीतरी होतं, पण काम हुंगण्याचं. लांबट खोली, पांढरं टेबल, त्यावर झाकणवाले काचेचे छोटे पेले. पेल्यात दोन घोट तेल घ्यायचं, ते कोमट करायचं, पेला तळहातात धरून फिरवायचा, झाकण उचलायचं, एकदाच हुंगायचं आणि झाकण परत ठेवायचं. दुसऱ्यांदा हुंगायचं नाही, कारण दुसऱ्यांदा नाक सवयीनं खोटं बोलतं. शेजारच्या खोलीत यंत्रं होती, ती आकडे द्यायची. मावशी त्यांचा मान ठेवायची. पण तेल शेवटी माणसाच्या ताटात जातं, यंत्राच्या ताटात नाही, हेही तिचं ठरलेलं वाक्य होतं.

बाबा लवकर गेले आणि मावशी आमच्याकडे राहायला आली ती कायमची. आईहून मोठी, बिनलग्नाची, आणि येताना आपलं नाक घेऊन आलेली. त्यामुळे आमच्या घरात सुवासिक साबण नाही, पावडर नाही, अत्तर तर नाहीच. मामा, म्हणजे या दोघींचा धाकटा भाऊ, ऐन तारुण्यात एकदा अंगभर सेंट मारून आमच्याकडे आला होता. त्याला जेवण गॅलरीत मिळालं. मावशीच्या नाकावर कायम राग असतो, असं नातेवाईक म्हणत. मी म्हणते, एवढं कामाचं नाक असेल तर राग ठेवायला दुसरी बरी जागा तरी कुठली?

मला तिनं शाळेच्या आधी तेल शिकवलं. तेल बिघडतं ते हवेनं, हे तिचं पहिलं सूत्र. हवेतला ऑक्सिजन तेलाला चावतो. एक कण चावला गेला की तो शेजारच्याला चावतो, तो त्याच्या शेजारच्याला, आणि बघता बघता सगळी बाटली बाद. मग तेल टिकतं कसं? तर बियांमधूनच त्यात काही राखणदार आलेले असतात, व्हिटॅमिन ई वगैरे. ते चाव्याच्या वाटेत स्वतः उभे राहतात. स्वतः खर्ची पडतात, तेल वाचवतात. म्हणून तेल बरेच दिवस चांगलं राहतं आणि मग एकदम नासतं. “एकदम नाही गं नासत,” मावशी म्हणायची, “राखणदार संपल्याचं आपल्याला कुणी सांगायला येत नाही, एवढंच.”

माणसाचंही तसंच, हे तिचं दुसरं सूत्र. आपण श्वास घेतो, अन्न जाळतो, त्यातून अंगात ठिणग्या उडतात. पेशींच्या भिंतींत चरबी असते, तिला त्या ठिणग्या चावतात. सिगारेट, धूर, आजारपण, सगळं त्या ठिणग्यांत भर घालतं. शरीर आपले काही राखणदार स्वतः घडवतं, काही ताटातून घेतं. एक थकला की दुसरा येऊन त्याला पुन्हा उभा करतो. रसाच्या खोक्यांवर ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द छापून यायला लागला त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या ताटात पालेभाजी, गाजर आणि मूठभर दाणे असायचेच. नको म्हटलं की मावशी म्हणायची, “नको काय? तुला खवट व्हायचंय का?” आणि आई आतून म्हणायची, “एक आहे ती पुरे आहे.”

अशा माणसाच्या नाकातून रक्त यायला लागलं.

आधी वाटलं, कोरड्या हवेनं असेल. मग एक कान बंद झाला. मग एका दुपारी मावशी कारखान्यातून लवकर घरी आली, पायरीवर बसून चप्पल काढली आणि म्हणाली, “आज मी तीन पेले हुंगले आणि तिन्हींत फक्त लोखंड होतं.” तिला रक्ताचा वास येत होता. तपासण्या झाल्या. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या बाजूला गाठ निघाली, आणि गाठ चांगल्या जातीची नव्हती.

कॅन्सरच्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. कमी बोलायच्या, पण बोलायच्या ते स्पष्ट. ऑपरेशनला ही जागा अवघड, रेडिएशन द्यायचं, वेळेत आलात म्हणून आशा चांगली आहे. आई रडायला लागली. मावशीनं तिच्या हातावर चापट मारली आणि डॉक्टरीणबाईंना एकच विचारलं.

“नाकाचं काय?”

“वास जाईल. चवही जाईल. चव बहुतेक परत येते. वासाचं मी सांगू शकत नाही.”

मावशीनं मान हलवली. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला कळलं, की गाठीला ती घाबरली नव्हती, या वाक्याला घाबरली.

मामाचं औषधांचं दुकान आहे. तो त्याच संध्याकाळी बरणीएवढी बाटली घेऊन हजर झाला. आत पिवळ्या, टपोऱ्या, तेलानं भरलेल्या कॅप्सुली. “ताई, जोरदार अँटिऑक्सिडंट आहेत. रेडिएशननं चांगल्या पेशींवर जो ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस येतो ना, त्याच्यावर हेच. घसा वाचेल, जीभ वाचेल, कदाचित नाकसुद्धा.”

मावशीला समजावून सांगावं लागलंच नाही. आयुष्यभर जे तेलाला केलं तेच स्वतःला करायचं, यात न पटण्यासारखं काय होतं? तिनं बाटली उजेडात धरली, एक कॅप्सूल दाताखाली फोडली, हुंगली आणि म्हणाली, “माल चांगला आहे.” बाटलीवर दिवसाला एक लिहिली होती, ती मूठभर घ्यायला लागली. मामा म्हणाला, जास्त होतील. ती म्हणाली, मी मोठा टँकर आहे.

रेडिएशन सुरू झालं. प्लास्टिकची गरम जाळी तिच्या तोंडावर दाबून तिचा मुखवटा तयार केला होता, तो चढवून डोकं टेबलाला पक्कं करायचे, म्हणजे किरण पडताना जराही हलता येऊ नये. मावशी बाहेर यायची तेव्हा गालांवर जाळीचे चौकोन उठलेले असायचे. मी विचारायचे, “दुखलं का?” तर म्हणायची, “मला कुणी इतका वेळ गप्प बसवलं नव्हतं कधी.”

पहिल्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “आम्ही दिलंय त्याच्याशिवाय आणखी काही घेता? गोळ्या, काढे, पावडरी?”

“घेते की,” मावशी म्हणाली आणि पिशवीतून बाटली काढून अभिमानानं टेबलावर ठेवली. “अँटिऑक्सिडंट.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगायला पाहिजे? माझा धंदाच आहे तो.” आणि तिनं हवा, चावा, राखणदार सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी मध्येच तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तुम्ही म्हणता त्यातलं काही चुकीचं नाही. मग आता मी सांगते. आम्ही किरण सोडतो तेव्हा गाठीत काय होतं? पेशींतल्या पाण्यातून त्याच ठिणग्या उडतात. आम्ही त्या मुद्दाम उडवतो. गाठ मरते ती बरीचशी त्यांनीच. शरीरसुद्धा जंतू मारायला हेच हत्यार वापरतं.”

मावशीची मान हळूहळू वर आली. “म्हणजे तुम्ही तिला खवट करताय.”

“असंच म्हणा.”

“आणि माझे राखणदार?”

“त्यांना चांगली पेशी कुठली आणि गाठीची कुठली ते ओळखता येत नाही. दोन्ही दारांत उभे राहतात.”

डॉक्टरीणबाईंनी लपवलं नाही. म्हणाल्या, काही अभ्यासांत दिसलं की मोठ्या डोसच्या असल्या गोळ्या घेणाऱ्यांचे तोंड आणि घसे कमी सोलवटले. पण त्यांच्यातल्या जास्त जणांचा रोग परत आला. सगळे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत. “ताटातलं रोजचं खा, भाजी खा, फळं खा, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण माझी सख्खी मावशी असती, तर ही बाटली मी काढून घेतली असती.”

मावशीनं बाटली पिशवीत टाकली. परत येताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर अज्ञान म्हणून सोडून देता आलं असतं. मावशीची चूक मावशीच करू शकत होती. तिनं स्वतःला बाटलीबंद तेल समजलं. बाटलीत एकच माल असतो. हिच्या अंगात दोन होते.

घरी मामा आणि आई वाट बघत होते. मावशीनं बाटली मामाच्या पुढ्यात ठेवली. “घेऊन जा. ज्याच्या अंगात एकच माल आहे त्याला दे.”

मामा उडालाच. “डॉक्टरांना काय, त्यांना गाठ दिसते. तू नाही दिसत. ताई, आयुष्यभर नाकावर जगलीस तू. नाकाशिवाय काय करशील?”

“तोंड आहे की अजून.”

“चेष्टा नको करू. निम्म्या घे. आठवड्यातून दोनदा घे.”

“निम्मी गाठ मारायची का?”

आई मध्ये पडली. “अगं, तो तुझ्या भल्याचंच सांगतोय ना? तुला वासच आला नाही तर तू... तू कशी दिसशील मला कळतच नाही.”

विचित्र वाक्य होतं, पण मला ते लागलं. आईला तिच्या बहिणीची ओळखच नाकानं होती. मावशीनं आवाज चढवला नाही, हे जास्त वाईट होतं. “ऐका दोघंही,” ती म्हणाली. “मी जन्मभर सगळं ताजं ठेवलं. ही एक गाठ मी ताजी ठेवणार नाही. तिला खवट व्हायलाच लागेल, आणि त्यात माझं नाक जायचं असेल तर जाऊ दे. कुणी मला यावर परत समजवायचं नाही.”

मामा बाटली तशीच टेबलावर सोडून निघून गेला. जाताना दार आपटलं.

पुढचे आठवडे वाईट होते. घसा आतून सोलून निघाला. पाणी गिळताना तिच्या मानेच्या शिरा ताठ व्हायच्या. चव गेली, मग वास गेला. तो गेला तेव्हा तिनं कुणाला सांगितलं नाही, मलाच दिसलं. गॅसवर दूध करपत होतं आणि ती शेजारी उभी राहून शांतपणे पेपर वाचत होती. मी धावत जाऊन गॅस बंद केला. तिनं पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, “असं होय.” मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मला तिचा अभिमान वाटत होता आणि तिचा रागही येत होता. निम्म्या घेतल्या असत्या तर काय बिघडलं असतं, असं माझ्याही मनात आलं होतं. तिच्यासमोर बोलायची हिंमत नव्हती, एवढंच.

आईनं हिंमत केली, पण बोलून नाही. मावशीला आता पातळच जात होतं, म्हणून आई तिच्यासाठी वेगळं सूप करायची, दुधी नाहीतर भोपळा शिजवून, गाळून, मीठ घालून. एका दुपारी मावशीनं वाटी हातात घेतली, तोंडाशी नेली आणि थांबली. वाटी खिडकीपाशी नेली. उजेडात तिरकी धरली, जसे पेले धरायची तशी.

“याला फोडणी दिलीस?”

“नाही,” आई म्हणाली. “तुला झोंबते ना.”

“लोणी? तूप?”

“काही नाही घातलं गं.”

“मग हे तेल कुठलं?”

सुपावर पिवळट तेलाच्या गोल टिकल्या तरंगत होत्या, कडेला एकमेकींना चिकटलेल्या. आईचा चेहरा उतरला. मावशीला वास येत नाही हे आईला माहीत होतं, म्हणूनच तिचं धाडस झालं होतं. पण नाक गेलं म्हणून तेल काय पाण्यात लपतं?

“किती दिवस?” मावशीनं विचारलं.

“परवापासून. दोनच फोडते वाटीत. देवाशप्पथ, दोनच.”

मावशीनं वाटी आईच्या हातात दिली. “पी.”

“ताई...”

“तुझ्या अंगात गाठ नाही ना? मग चांगलंच आहे तुला. पी.”

आईनं उभ्या उभ्या ते सूप प्यायलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, ते वाटीत पडत होतं, आणि तेही तिनं प्यायलं. मला मावशीचा त्या क्षणी भयंकर राग आला. माझी आई होती ती. तिनं विष नव्हतं घातलं, माया घातली होती.

“तुला वास आला पाहिजे गं,” आई म्हणाली. “तू घरात शिरलीस की काय शिजतंय ते जिन्यातून ओरडतेस. ते बंद झालं तर मला हे घर नको.”

“मी गेले तर जिन्यातून कोण ओरडणार आहे? गाठ?” मावशी खुर्चीत बसली. बोलताना तिचा घसा फाटत होता. “वास नाही आला तर मी जगेन. चिडेन, कुढेन, तुझ्या डोक्याशी कटकट करेन, पण जगेन. ही गाठ राहिली तर नाही जगणार. हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळायला हवं, तू मला गमावणार आहेस, मी नाही.”

त्या दिवसापासून मावशीनं वेगळं सूप बंद केलं. सगळ्यांच्या पातेल्यातलं, सगळ्यांनी घेतल्यावर, स्वतःच्या हातानं घ्यायची आणि चमच्यानं ठेचत बसायची. एक घास गिळायला आमचं अख्खं जेवण व्हायचं. गिळताना डोळे मिटायची. आई समोर बसून बघायची आणि पदराचं टोक पिळायची, पण परत काही घातलं नाही. बाटली मीच नेऊन मामाच्या काउंटरवर ठेवली. मामानं ती ड्रॉवरमध्ये टाकली. नंतर रोज संध्याकाळी यायला लागला आणि मावशीच्या पायांना तेल चोळून द्यायला लागला. मावशी म्हणायची, “आता लाव कुठलंही, मला काय कळतंय.”

गाठ गेली. स्कॅनमध्ये तिची जागा रिकामी दिसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून काही वर्षं येत राहायचं, पण आज घरी जाऊन झोपा. चव हळूहळू परत आली, आधी गोड, मग खारट. वास आला नाही. महिने गेले, ऋतू बदलला, वास आला नाही. बाटलीमुळे तो वाचला असता का, हे कुणालाच सांगता यायचं नाही. मामानं तो विषय काढला नाही, याबद्दल मी त्याला मनातल्या मनात सगळं माफ केलं.

कारखान्यातून निरोप आला की तुमच्यासाठी ऑफिसात खुर्ची ठेवलीय, मानाची, काही करावं लागणार नाही. मावशी म्हणाली, “काही न करणाऱ्या बऱ्याच खुर्च्या आहेत तिथे, मी माझ्या खोलीत बसणार.” अशक्त होती म्हणून तिला सोडायला मी गेले आणि मॅनेजरनं मलाही आत बसू दिलं, बहुधा मी तिला समजावेन या आशेनं.

खोलीत आता दुसरी बाई हुंगायची. आधी पॅकिंगला होती, चाळिशीची, नाक चांगलं म्हणून वर घेतलेली. जीभ मात्र अजून पॅकिंगमध्येच राहिली होती. साहेब समोर असला की आवाजच फुटायचा नाही. बाहेर टँकर उभा होता, मॅनेजरला घाई होती आणि तो टेबलाशी रेंगाळत होता. बाईनं पेला फिरवला, झाकण उचललं, हुंगलं, झाकण ठेवलं.

“बरं आहे,” ती म्हणाली.

“पास?” मॅनेजरनं विचारलं.

“थांबा,” मावशी म्हणाली. तिनं पेल्याला हातसुद्धा लावला नव्हता. ती समोर बसून एवढा वेळ त्या बाईचा चेहरा बघत होती. “झाकण उचललंस तेव्हा तुझी नाकपुडी मागे गेली. मग तू साहेबांकडे पाहिलंस. मग बरं झालं ते तेल.”

बाई लाल झाली.

“तुम्हाला काही वास आला का मावशी?” मॅनेजरनं विचारलं. नम्रपणेच विचारलं, पण त्याला उत्तर माहीत होतं.

“मला काहीही येत नाही. उद्या कारखाना पेटला तरी मला तुम्ही येऊन सांगायला लागेल.” मग ती बाईकडे वळली. “तुला आला ना?”

बाईनं मान डोलावली, मावशीकडे बघत.

“माझ्याकडे बघून नाही. त्यांच्याकडे बघून. आणि तोंडानं.”

बाईनं पेला खाली ठेवला. मॅनेजरकडे पाहिलं. पहिल्यांदा आवाज निघालाच नाही, मावशी थांबली, दुसऱ्यांदा निघाला.

“साहेब, हे तेल मी पास करणार नाही.”